एका वजनाचे छर्रे

आमच्या घरात शिसं वितळायला लागलं तेव्हा वहिनीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "माह्या गॅसवर हे काळं काही ठेवाल, तर मी गॅसच उचलून अंगणात नेऊन ठेवीन. मग करा सैपाक." दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, धंद्यानं सोनार. दुकानात त्याच्यापुढं कोणी आवाज चढवत नाही, पण ओट्याजवळ त्याचं काही चालत नाही. त्यानं निमूट पळी, साचा आणि शिशाचा गोळा उचलला आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेगडी मांडली.

मी त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते. रोहण्याच्या शाळेत शिकवलं, रिटायर झाले, वर्ध्याला परत आले. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्याला मी चहा देत नाही. एवढी ओळख पुरे. सांगायचं आहे ते दादाच्या हाताबद्दल.

लहानपणी आम्ही गिरडला उरसाला जायचो. टेकडीच्या पायथ्याशी फुगे फोडायची दुकानं लागत. त्या बंदुका बहुतेक वाकड्याच असत, माणसानं चुकावं म्हणूनच ठेवलेल्या. दादाचा पहिला छर्रा मुद्दाम वाया जाई. तो कुठं लागला ते पाहायचं, "डावीकडं ओढते" म्हणायचं, आणि मग उजवीकडं धरून ओळीनं फुगे फोडत सुटायचं. शेवटी दुकानदार हात जोडी, "बस कर बाबू, दुसऱ्यालेही फोडू दे." तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं, की नेम चुकला तर आधी बंदूक बघायची, मग छर्रा बघायचा, आणि आपला हात सर्वांत शेवटी. उभा जन्म हा हिशेब बरोबर निघाला, तेव्हा त्याला तरी काय बोलणार.

मग एकदा एका गिऱ्हाइकाच्या नथीत खडा बसवताना चिमटा निसटला. खडा गादीखाली गेला, तो शोधण्यात दुपार गेली. दादा म्हणाला, चिमटा ढिला झाला. नवा चिमटा आला. पुढं चहाचा कप बशीत वाजायला लागला. दादा म्हणाला, बशीच वाकडी आहे. वहिनीनं बशी देणं बंद केलं आणि स्टीलचा पेला देऊ लागली, तोही अर्धाच भरून. बारीक काम हळूहळू कारागिरांकडं गेलं. दादा नुसता गादीवर बसू लागला, आणि उजवा हात पँटच्या खिशात. लग्नातल्या फोटोत खिशात, देवळात खिशात, जेवायला बसेपर्यंत खिशात.

गल्लीतल्या डॉक्टरांनी एकदा तो हात बाहेर काढायला लावला. थोडा वेळ पाहिला आणि म्हणाले, "नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून या." दादा उठलाच. "मेंदूले काय झालं माह्या? दुकान काय मेंदूशिवाय चालवून राह्यलो काय?" घरी येईपर्यंत तो हेच बडबडत होता.

त्याच्याकडं एक चांगली एअर रायफल आहे. हवा भरून चालणारी, बऱ्याच वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेली. रोहण्याच्या रस्त्याला आमचं शेत आहे. बाजार बंदच्या दिवशी आम्ही तिघं डबा घेऊन तिथं जातो. धुऱ्याच्या बांधाला वाळूचं पोतं टेकवायचं, त्यावर कागद लावायचा आणि विहिरीजवळ बसून दादानं त्यावर नेम धरायचा. वर्षानुवर्षं त्याच्या कागदावरची भोकं एकमेकांना चिकटून असत. ती आता पांगायला लागली. दादा म्हणाला, "छर्रे खराब आहेत. आजकाल कंपन्या काहीच्या काही बनवून राह्यल्या."

मग त्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. बाजारातला छर्रा मधे बारीक असतो, डमरूसारखा. मोबाइलवाल्यांचं म्हणणं, भरीव आणि सरळ अंगाचा छर्रा स्वतः ओतून काढावा. वाऱ्यातही तो सरळ जातो. त्याला ते स्लग म्हणतात. आमच्या घरी सगळे छर्रेच. दादानं साचा मागवला, भंगारवाल्याकडून मऊ शिसं आणलं आणि वहिनीची बोलणी खाल्ली, ते मघाशी सांगितलंच.

घरचे छर्रेही पांगले. तेव्हा दादा म्हणाला, हे एकसारखे नाहीत.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "दादा, चिमटा वाईट, बशी वाईट, कंपन्या वाईट, आता शिसंही वाईट. तुझ्या हाताशिवाय जगात सगळंच बिघडलं का रे?"

तो हात खिशात घालून उभा राहिला. वहिनी दारात होती. मला वाटलं आता ओरडेल. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तू छर्रे एकसारखे करून दे. एका वजनाचे, एका अंगाचे. त्यानंही नेम चुकला, त मी नागपूरले येतो."

"नक्की?"

"सोनाराचा शब्द आहे."

मी हो म्हटलं. मागं वळून पाहिलं तर वहिनी दारातून आत निघून गेली होती.

अशी मी या धंद्यात पडले. मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मुलांच्या वह्या तपासण्यात जन्म गेलेला, चूक शोधायची सवय होती. दादा शेडमध्ये ओतायचा. शेगडीच्या कामात त्याचा डावा हात पुढं असे, उजवा नुसता साचा दाबून धरायला. मी ते छर्रे ताटात घेऊन बसायची, तूर डाळ निवडायला बसतात तशी. ज्याच्या बुडाशी खड्डा तो बाजूला. ज्याच्या अंगावर सुरकुती तो बाजूला. राहिलेले काट्यावर.

काटा दुकानाचा, काचेच्या पेटीतला. त्याच्यासमोर पंखा चालत नाही. नुसता श्वास जोरात सोडला तरी आकडा हलतो. वर्ध्याच्या उकाड्यात पंखा बंद करून काट्यासमोर बसणं काय असतं, ते ज्याचं त्यानं बसून पाहावं. घामाचा थेंब ताटात पडू नये म्हणून मी डोक्याला पंचा बांधायची. वहिनी म्हणायची, "बाई, तुम्ही पहिलवान दिसून राह्यल्या." मी म्हणायची, "नवऱ्याले तुमच्या नागपूरले न्यायचं तर पहिलवानच व्हावं लागते." यावर ती पूर्वी हसली असती. आता हसत नव्हती.

जे वजनात बसत नाहीत ते पावडरच्या एका जुन्या डब्यात जात. फेकायचे नाहीत. सोनाराच्या घरात केरसुद्धा फेकत नाहीत. दुकान झाडल्यावर जी धूळ निघते तीही जपून ठेवतात, तिच्यात सोन्याचा कण असतो म्हणून. शिशाला हा मान कशाला, पण सवय ती सवय. वहिनीनं तो डबा शेडच्या फळीवर ठेवला होता. चांगले छर्रे मात्र दुकानाच्या लाल डबीत, खाली गुलाबी कागद घालून, नथ ठेवावी तसे.

एका वजनाचे छर्रे घेऊन आम्ही शेतावर गेलो. आधी मी मारायचे असं ठरलं होतं, पोत्यावर बंदूक टेकवून, म्हणजे हाताचा संबंधच नको. हवा भरायचा पंप उभा असतो, सायकलच्या पंपासारखा; तो मारता मारता माझे खांदे गेले. मारून पाहिलं तर भोकं तिकडं एक, इकडं एक. बंदूक पोत्यावर, माझा मोतीबिंदू काढलेला डोळा लख्ख, वजन तंतोतंत सारखं, आणि तरी ही दशा. दादाच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तरतरी आली. "पाह्य! मी काय म्हणून राह्यलो होतो?" तो डब्यातल्या दोन पोळ्या जास्त जेवला.

मला राग आला होता. त्याचा नाही, छर्ऱ्यांचा. उरलेले घेऊन मी विहिरीच्या काठावर एकेक नळीत सारून बघू लागले. एक सहज गेला. दुसरा अंगठ्यानं दाबावा लागला. तिसरा परत सहज. मी म्हटलं, "दादा, हे वजनात एक आहेत, पण अंगानं एक नाहीत रे."

तो जेवता जेवता थांबला. आमच्या घरात कुठल्याही वस्तूचं खरंखोटं काट्यावर ठरतं. आई सांगायची, सून पाहायला गेले तरी आमच्या वडिलांचं लक्ष आधी तिच्या बांगड्यांवर. आम्हाला काटा बरोबर सांगतोय म्हटल्यावर दुसरं काही तपासायचं सुचलंच नव्हतं. असली चूक सोनाराच्याच घरात व्हायची. लोहाराच्या किंवा सुताराच्या मुलीनं पहिल्याच दिवशी जाडी मोजली असती.

घरी आल्यावर दादानं दुकानातून तार ओढायची पोलादी पट्टी आणली. तिच्यात उतरत्या मापाची गोल भोकं असतात. सोन्याची तार मोठ्या भोकातून लहान भोकात ओढत बारीक करतात. त्यातलं एक भोक नळीच्या मापाला बरोबर बसलं. आधी वजन करायचं, जो वजनात उतरेल तोच त्या भोकातून दाबून काढायचा. मी लाकडी ठोकळ्यानं दाबायची, खाली वाटीत छर्रा पडायचा, चकचकीत आणि बाकीच्यांसारखा हुबेहूब. ते काम मला आवडायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या खेपेला मी पोत्यावरून मारलं. सगळी भोकं एका रुपयाखाली झाकतील एवढ्याशा जागेत. मी नाचायचीच बाकी होते. वहिनी डबा सोडत होती, ती उठून कागदाजवळ गेली, वाकून पाहिलं, आणि पदरानं तोंड पुसत परत आली. दादानं कागद हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिला. "चांगले झाले," म्हणाला. त्या आवाजात आनंद नव्हता. मग म्हणाला, "आज वारा आहे. पुढच्या बारीले मारतो."

पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान हलत नव्हतं. पण मी ताणलं नाही. शब्द दिला होता, आठवड्यानं काय बिघडणार होतं.

तो आठवडा गेला. शेतावर दादा नेहमीच्या जागी बसला, कोपर गुडघ्यावर, बंदूक खांद्याला. लाल डबी मी त्याच्याजवळ ठेवली. तो एकेक छर्रा उचलून भरायचा, थोडा थांबायचा, मारायचा. भरताना फार वेळ लागत होता. मधूनमधून हात खिशात जायचा. मला ते पाहवेना, म्हणून मी तुरीच्या ओळींकडं पाहत बसले. वहिनी तर पाठ करूनच बसली होती.

कागद काढून आणला तो मीच. काही भोकं कागदावर होती, काही कागदाच्या बाहेर पोत्यात. वाळू गळत होती. मी कागद दादापुढं धरला. मनात म्हटलं, आता म्हण छर्रे खराब.

तो म्हणाला, "घरी चाला."

घरी येऊन मी डबीत उरलेले छर्रे काट्यावर ठेवले. गरज नव्हती. पण मला त्याच्या तोंडावर आकडा मारायचा होता, पुन्हा कधी कुरकुर करायला जागा नको. पहिला बरोबर. दुसरा हलका. तिसरा बरोबर, चौथा हलका. हलके होते ते पट्टीतून काढलेलेही नव्हते, अंगावर ती चमक नव्हती. पावडरच्या डब्यातले नापास छर्रे कुणीतरी माझ्या लाल डबीत आणून मिसळले होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी डबी घेऊन सरळ दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं हे नशीब. डबी गादीवर आपटून मी म्हटलं, "नागपूरले यायचं नव्हतं त तसं म्हणायचं होतं. सोनाराच्या गादीवर बसून भेसळ करतोस? बाबा असते तर त्यांनी या गादीवरून उतरवलं असतं तुले."

त्यानं डबी उघडली. आतले छर्रे बोटानं हलवले. मग वर न बघता म्हणाला, "हाव. मीच घातले."

मला वाटलं होतं नाही म्हणेल, भांडेल, निदान कारागिरावर ढकलेल. तो कबूल झाला आणि मी हातात काठी घेऊन हवेत मारल्यासारखी उभी राहिले. घरी आले. आम्ही बोलणं टाकलं. मी जेवायला खाली जाईना. वहिनी दुकानातल्या कारागिराहाती ताट वर पाठवायची, मी ते तसंच परत पाठवायची. या वयात हे शोभत नाही, मला कळत होतं. पण राग माझा आहे, त्याला वय नाही.

मग एके सकाळी ताट घेऊन वहिनी स्वतः वर आली. ताट ठेवलं आणि उभीच राहिली.

"बाई, ते छर्रे मी मिसळले."

"काय?"

"फळीवरचा डबा घेतला आन तुमच्या डबीत ओतला थोडा. हलवला. मले कोठं मालूम का ते दिसते म्हणून. सारे सारखेच दिसतात मले."

"काऊन वहिनी? मी इतके दिवस कोणासाठी घाम गाळून राह्यली होती?"

ती खाली बसली. "तुमच्या कागदावरची भोकं पाह्यली नं मी. मले समजलं, आता यांच्याजवळ काहीच नाई राह्यलं सांगायले. नागपूरचा डॉक्टर त्या आजाराचं नाव घेईल. एकदा नाव घेतलं का मग ते घरात आलंच समजा. आतालोक नुसता चिमटा ढिला होता, बशी वाकडी होती. मी त्या बशीवर दहा वर्षं काढली असती, बाई." आणि ती रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसाचं काय करावं ते येत नाही. मी ताट जवळ ओढलं आणि जेवायला लागले. ती रडत रडत म्हणाली, "वरण गरम करून आणू काय?"

दुपारी मी शेडमध्ये गेले. दादा शेगडी न पेटवता नुसता तिच्यासमोर बसला होता. मी म्हटलं, "वहिनीनं सांगितलं मले. मी नाई नाई ते बोलले तुले. पण तू हाव काऊन म्हटलं? न केलेल्या गोष्टीले?"

"मंग कोणाचं नाव घेऊ? घरात तिघंच आहोत. तू घालणार नाई."

"म्हणजे तुले तेव्हाच समजलं?"

"शेतातच समजलं," तो म्हणाला. त्यानं डाव्या हातानं शर्टाच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली, सोडली आणि उजव्या तळहातावर उपडी केली. चार-पाच छर्रे. बिनचमकेचे, नापास. "पहिलाच भरताना अडला. तुझा पट्टीतला माल असा अडत नाई. दुसरा हाती घेतला, बुडाले खड्डा लागला बोटाले. म्हटलं, हे आपलं नाई. जो जो हाताले लागला तो खिशात टाकत गेलो. मारले ते सारे तुझे होते, बाई. एक नं एक चांगला होता."

वाळू गळणारं ते पोतं माझ्या डोळ्यांसमोर आलं.

त्याच्या तळहातावर ते छर्रे एकमेकांवर आपटून बारीक वाजत होते. तो त्यांच्याकडं पाहत होता. "बोटाले अजून सारं समजते पाह्य. कोठं खड्डा, कोठं फुगा, सारं. फकत थांबत नाई."

माझा हा भाऊ. गिरडच्या फुगेवाल्याला हात जोडायला लावणारा. मला त्या क्षणी त्याच्याबद्दल इतकी माया वाटली आणि त्या हाताचा इतका राग आला, की दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला आजही सांगता येणार नाही.

"चाल मंग नागपूरले," मी म्हटलं.

"चाल. पण तिले सांगू नको हे. तिले वाटू दे का तिच्या छर्ऱ्यानंच नेम चुकला. नवा साचा पाहायले चाललो म्हणून सांगतो."

जायच्या दिवशी सकाळी वहिनीनं डबा बांधला, पाण्याची बाटली भरली, दादाच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं. ते आताशा तीच लावते. ऑटो फाटकाशी उभा होता. दादा खिशात हात घालून निघाला, तशी ती मागून आली.

"साचा पाहायले चालले नं?"

"हाव," दादा म्हणाला.

"मंग त्या साचेवाल्याले हात नीट दाखवजा. खिशात ठेवू नका."

एवढं बोलून ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. दादा फाटक धरून उभाच राहिला. ऑटोवाल्यानं हॉर्न दिला, तेव्हा तो येऊन माझ्या शेजारी बसला. बजाज चौक आला. मग त्यानं उजवा हात खिशातून बाहेर काढला, गुडघ्यावर ठेवला, आणि स्टेशन येईपर्यंत तसाच, सगळ्यांना दिसेल असा, हलू दिला.